खुपणाऱ्या माणसापाशी थोडं थांबा

आज रात्री जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, घर जरा शांत झालं, की एक कागद घ्या. त्यावर एका माणसाचं नाव लिहा. ज्याचं नाव नुसतं कानावर आलं तरी कपाळाला आठी पडते, ज्याच्याबद्दल घरी येऊन रोज काहीतरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, असा माणूस. ऑफिसातला असेल, नात्यातला असेल, समोरच्या फ्लॅटमधला असेल. नावाखाली लिहा, त्याचं नेमकं काय खुपतं. 'वाईट आहे', 'नीच आहे' असं मोघम नको. 'स्वतःचं कौतुक स्वतःच करतो', 'फुकट मिळतंय म्हटलं की हात आधी पुढे', 'कामाच्या वेळी गायब', असं नेमकं लिहा. कागद कुणाला दाखवायचा नाही. उशीखाली ठेवा आणि झोपा.

मागणं एवढंच आहे. पण ते का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी तेवीस वर्षं एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडे एक तरुण शिक्षिका आल्या. हुशार, उत्साही, आवाज मोकळा. गॅदरिंग असो की पंधरा ऑगस्ट, सूत्रसंचालनाला त्याच. पाहुण्यांच्या शेजारी त्या, फोटोत मधोमध त्या. मला त्यांचा राग यायचा, आणि तो पोटातून यायचा. 'एवढं पुढं पुढं करायची काय गरज?' हे मी स्टाफरूममध्ये म्हणायची, बसस्टॉपवर म्हणायची, घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणायची.

एका संध्याकाळी मुलगी आणि मी मेथी निवडत बसलो होतो. मी बोलत होते, ती ऐकत होती. मध्येच तिनं हातातली काडी खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, या आठवड्यात रोज तू त्या बाईंचं नाव घेतलंयस. त्यांनी तुझं काय वाकडं केलंय?" मी बोलायला तोंड उघडलं, पण उत्तरच सापडेना. त्यांनी माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. उलट माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा महिनाभर माझे तास त्यांनीच घेतले होते.

त्या रात्री बऱ्याच वेळानं आठवलं. पाचवीत असताना गावच्या गणपतीच्या मांडवात मी गाणं म्हटलं होतं. टाळ्या पडल्या. 'आणखी एक' म्हणाले, मी म्हटलं. मग कुणी न सांगताच तिसरं सुरू केलं. घरी आल्यावर आजी एवढंच म्हणाली, "मुलीच्या जातीनं इतकं पुढं पुढं करू नये." ती रागावली नाही, तिनं हात उगारला नाही, नातीच्या काळजीनंच बोलली. त्यानंतर मी लोकांसमोर गायले नाही. पण शब्द बघा. 'पुढं पुढं'. आजीचे शब्द मी चाळीस वर्षं जपून ठेवले होते आणि आता ते दुसऱ्या एका बाईवर फेकत होते.

स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्टाव्ह युंग यांनी मनाच्या या भागाला 'शॅडो' म्हटलं. स्वतःबद्दलचं जे आपल्याला मान्य होत नाही, जे चांगल्या माणसाला शोभत नाही असं लहानपणीच मनावर ठसलेलं असतं, ते सगळं नजरेआड सरतं. सरतं, पण संपत नाही. आपल्या मागोमाग चालत राहतं. मराठीत याला कुणी 'छाया' म्हणतात. मला 'सावली' बरं वाटतं, कारण सावली आपलीच असते आणि ती पडते ती नेहमी आपण उजेडाकडे तोंड केलं की पाठीमागे. शिवाय आपल्या भाषेत सावलीत बसताही येतं. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

युंग यांचा जन्म १८७५चा, वडील धर्मोपदेशक. बासेलला वैद्यकीचं शिक्षण चालू असतानाचं त्यांचं एक स्वप्न त्यांनी म्हातारपणी सांगितलेल्या आत्मकथनात आहे. रात्रीची वेळ, समोरून सोसाट्याचा वारा, दाट धुकं, आणि ते दोन्ही हातांच्या ओंजळीत एक इवलासा दिवा सांभाळत पुढे चाललेत. कुठल्याही क्षणी विझेल असा. मागे कुणीतरी येतंय असं वाटून वळून पाहतात तर एक प्रचंड काळी आकृती पाठलाग करतेय. भीतीनं जीव घाबरा झालेला, तरी दिवा विझू द्यायचा नाही एवढं कळतंय. जाग आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ती आकृती त्यांचीच होती. हातातल्या दिव्यामुळे मागच्या धुक्यावर पडलेली त्यांचीच सावली. दिवा नसता तर तीही नसती.

मला यातला दिवा फार महत्त्वाचा वाटतो. सावली पाहायची म्हणजे दिवा खाली टाकून अंधारात उडी घ्यायची असं नव्हे. दिवा हातात ठेवून मान वळवायची.

पण स्वप्नावर कुणी का विश्वास ठेवावा? ठेवू नका. १९००च्या डिसेंबरात युंग झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात नोकरीला लागले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी एक चाचणी मन लावून केली. समोरच्याला एकेक शब्द ऐकवायचा, असे शंभर शब्द. प्रत्येक शब्दाला मनात पहिला येईल तो शब्द त्यानं लगेच सांगायचा. हातात घड्याळ, सेकंदाचा पाचवा भाग मोजणारं. 'पाणी' म्हटलं की 'नदी', 'डोकं' म्हटलं की 'केस', असं भराभर चालतं. आणि मध्येच एखाद्या साध्या शब्दाला माणूस अडतो. जीभ चाचरते, शब्द पुन्हा विचारतो, हसतो. त्याचं त्याला कळतही नाही. १९३५ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या व्याख्यानांत युंग यांनी असा एक माणूस सांगितला. वय पस्तीस, चारचौघांसारखा. तो अडखळला ते सुरी, भाला, मारणं, टोकदार, बाटली अशा शब्दांना. बाकी ठीक. युंग त्याला म्हणाले की तुमच्या बाबतीत असं काही अप्रिय घडल्याचं मला ठाऊक नव्हतं. माणूस थक्क झाला. शेवटी त्यानं कबूल केलं. परदेशात असताना दारूच्या नशेत भांडण झालं होतं, त्यानं सुरी चालवली होती आणि वर्षभर तुरुंगात होता. घराणं प्रतिष्ठित, त्यामुळे ही गोष्ट त्यानं सगळ्यांपासून लपवली होती.

मनातल्या अशा गाठींना युंग 'कॉम्प्लेक्स' म्हणाले. मराठीनं त्याचा 'गंड' केला, आणि न्यूनगंड हा शब्द तर आता भाजीवालीच्या तोंडीही असतो.

त्या माणसाला आपली गोष्ट माहीत होती, तो ती लपवत होता. आपल्यापैकी बहुतेकांचं अवघड आहे ते असं की आपण काय लपवतोय हेच आपल्याला माहीत नसतं. मग ते दिसायचं कुठे? दुसऱ्याच्या अंगावर. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण ढोंगी माणसाला टोमणा म्हणून वापरतो. मी तुम्हाला ती दुसऱ्या अर्थानं वाचायला सांगते. कुसळ दिसल्याबरोबर एवढी आग होते, याचं कारणच डोळ्यातलं मुसळ असतं. कुसळ खरंही असेल. त्या शिक्षिका खरंच पुढे पुढे करत असतील. पण बाकीच्या वीस जणांना ते दिसलं आणि ते चहा पिऊन वर्गावर गेले. माझा चहा गार झाला. तो चहा का गार झाला, हा प्रश्न माझा होता.

दाबून टाकलं की जातं, हा आपला फार जुना समज. लहानपणी ऐकलेली वैद्याची गोष्ट आठवा. औषध देताना वैद्यानं बजावलं, पुडी घेताना माकड आठवायचं नाही. बिचाऱ्याला तोवर कधी माकड आठवलं नव्हतं, आणि आता पुडी हातात घेतली की माकड हजर. १९८७ साली डॅनियल वेगनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं जवळजवळ हेच विद्यार्थ्यांवर करून पाहिलं. त्यांनी पांढरं अस्वल घेतलं. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर, ज्यांनी आधी दाबलं होतं त्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. युंग यांचं सगळं म्हणणं असं मोजून सिद्ध झालेलं नाही, होणारही नाही. सावली एमआरआयमध्ये दिसत नाही. पण दाबलेलं उसळतं एवढं तर आपल्या आज्यांनाही कळत होतं.

नाहीतर शिमगा कशाला असता? वर्षभर मान खाली घालून वावरणाऱ्या गावाला एक दिवस बोंब मारायची मुभा. भोंडल्याच्या गाण्यांत सासरचं जे काही निघतं ते एरवी सुनेला उंबऱ्यात उभं राहून बोलता आलं असतं का? आणि जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात, दळताना, जात्याच्या घरघरीत बाई स्वतःशी बोलत असे. दुःख, राग, हेवा, मुलाची ओढ, सगळं. आता जातं गेलं. पीठ गिरणीतून येतं, आणि मनातलं बोलायची ती पहाटेची जागा मात्र दुसरीकडे कुठे उभी राहिली नाही. म्हणून मी कागद मागते.

कागदावर काय शोधायचं ते सांगते. 'हा माणूस चूक की बरोबर' याचा निवाडा करायचा नाही. आपल्या रागाचं माप बघायचं. पावशेर गोष्टीला पाच किलो राग आला असेल, तर वरचा राग कुठून आला? दुसरं, तोच राग दोन-तीन वेगवेगळ्या माणसांवर आलाय का? आधी जाऊबाई, मग शेजारीण, मग सून, आणि तक्रार तीच, 'मला विचारत नाहीत'. माणसं बदलली, तक्रार बदलली नाही, म्हणजे ती तक्रार माझ्याबरोबर चालतेय. मग स्वतःला विचारा, मला हे करायला कधी कुणी मनाई केली होती? कोण म्हणालं होतं? कुठल्या शब्दांत? शब्द सापडले तर ते लिहून ठेवा. बहुतेक वेळा सगळी गोम त्या शब्दांत असते.

जवळच्या एखाद्याला विचारायचं धाडस असेल तर विचारा, पण भांडणाच्या वेळी नाही. "अहो, मी कुणाबद्दल सारखी बोलते?" एवढंच. आणि उत्तर आलं की मान डोलवून गप्प बसा. तिथे समर्थन सुरू केलंत की पुढच्या वेळी खरं उत्तर मिळणार नाही. माझ्या मुलीनं मला विचारलं हे माझं भाग्य. किती घरांत आईला असं विचारायची सोय असते?

इथे एक गोष्ट मला अगदी ठासून सांगायची आहे. नवरा मारत असेल, सासरी छळ होत असेल, साहेब अंगचटीला येत असेल, तर ती तुमची सावली नाही. तो त्या माणसाचा गुन्हा आहे. 'खुपतंय म्हणजे माझ्यातच काही असेल' असं म्हणून तो सोसायचा नाही. तिथे महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर फोन करायचा, माहेरी सांगायचं, पोलिसांत जायचं. सावलीचं हे सगळं बोलणं रोजच्या, बरोबरीच्या, सोसण्याजोग्या खुपण्याबद्दल आहे. आणि आत डोकावताना फारच काळोख वाटू लागला, झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर कागद बाजूला ठेवा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. गावात मानसोपचारतज्ज्ञ असतील तर त्यांच्याकडे जा. त्यात लाज कसली?

दुसरी सावधगिरी. हल्ली 'मी मनात काही ठेवत नाही, तोंडावर बोलते' असं अभिमानानं सांगतात. मनातलं ओकून टाकणं आणि मनातलं ओळखणं यात फार अंतर आहे. साहेबावरचा राग पोरावर काढला, तर ते वड्याचं तेल वांग्यावर झालं. पोरगं भाजलं आणि साहेबाला पत्ताही नाही. राग ओळखला म्हणजे तो आपल्या हातात आला, आता त्याचं काय करायचं ते आपण ठरवू शकतो. कधी स्पष्ट बोलायचं, कधी नुसतं चालून यायचं, कधी माफी मागायची.

आता सावलीत बसण्याबद्दल. आपण नजरेआड टाकतो ते सगळं वाईटच असतं असं नाही, हे युंग यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि लोक नेमकं तेच विसरतात. ज्या घरात हसणं थिल्लर मानलं त्या घरातल्या मुलानं आपली थट्टामस्करी पुरली. ज्या घरात 'आपली पायरी ओळखून राहा' शिकवलं तिथल्या मुलीनं आपली हिंमत पुरली. ज्या मुलग्याला 'रडतोस काय बाईसारखा' म्हटलं त्यानं आपली माया पुरली, आणि आता साठाव्या वर्षी नातवाला जवळ घ्यायला त्याचे हात अवघडतात. हे सगळं धन अजून तिथेच आहे. त्यामुळे कागदाच्या मागच्या बाजूला आणखी एक नाव लिहा. ज्याचं तुम्हाला भारावून जाण्याइतकं कौतुक वाटतं, ज्याच्यासमोर 'आपल्याला नाही बाई असं जमायचं' हे तोंडातून आपोआप निघतं. तेही बहुधा तुमचंच काहीतरी त्याच्याकडे ठेवायला दिलेलं असतं.

त्या वर्षीच्या गॅदरिंगला मी त्या शिक्षिकांकडे गेले. म्हटलं, "मधल्या दोन कार्यक्रमांची ओळख मी करून देऊ का?" त्या क्षणभर बघत राहिल्या, मग त्यांनी हातातला कागद फाडून अर्धा माझ्याकडे दिला. माईक धरताना माझा हात थरथरत होता. आवाज पहिल्या वाक्याला बसला, दुसऱ्याला सुटला. मी गायले नाही, तेवढं धैर्य नव्हतं. पण खाली उतरल्यावर त्यांच्याविषयी मनात जे आलं ते वेगळं होतं. त्या किती तयारी करतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. राग पूर्ण गेला म्हणाल तर नाही. पुढेही कधी कधी उसळायचा. फक्त तो आला की मी त्याला ओळखायची.

हे एकेकट्या माणसाचं झालं. गाव, जात, धर्म, देश यांनाही सावली असते आणि ती एकट्याच्या सावलीपेक्षा फार भयंकर असते. नंदुरबारकडे सातपुड्यात एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवतात. गावात मूल दगावलं, गुरं मेली, पीक गेलं, की सगळ्या गावाची भीती आणि सगळ्या गावाचा पाप्याचा शोध एका विधवेच्या दारात येऊन थांबतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या प्रथेविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा दिला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा हवाच होता. पण शहरात बसून डोंगरातल्या लोकांना हसण्याआधी आपला मोबाईल उघडून बघा. 'ते लोक असेच', 'त्यांच्यामुळेच सगळं', असे किती निरोप आपण पुढे ढकललेत? त्यात ज्या दोषांची यादी असते, लबाडी, हाव, अस्वच्छता, बायकांना दिली जाणारी वागणूक, ते दोष आपल्या घरात, आपल्या जातीत, आपल्या जिन्यात नाहीत?

खुद्द युंगही यातून सुटले नाहीत. १९३३ साली जर्मनीत नाझी सत्तेवर आले, त्याच वर्षी त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या, जर्मनांचाच वरचष्मा असलेल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेचं अध्यक्षपद घेतलं. पुढच्या वर्षी ज्यू मन आणि 'आर्य' मन यांतला फरक सांगणारं लिहिलं. ज्यू सहकाऱ्यांना आधार देण्यासाठी पद घेतलं असं ते म्हणत. तरी त्या लिखाणाचा डाग पुसला गेला नाही आणि तो पुसू नये असंच मला वाटतं. सावलीचा एवढा अभ्यास केलेल्या माणसालाही आपल्या पायाखालची सावली दिसली नाही. यावरून त्यांचं सगळं टाकून द्यावं असं मी म्हणणार नाही. पण 'मला आता माझं सगळं कळलंय' असं कुणी म्हणालं, तर त्याच्यापासून जरा लांब बसावं.

घरात लहान मूल असेल तर त्याच्यासाठीही एक मागणं आहे. ते धाकट्या भावाला म्हणालं, 'मला हा नकोच, परत देऊन या', तर 'असं बोलतात का? शहाणी मुलं असं बोलत नाहीत' असं लगेच म्हणू नका. म्हणा, 'राग आलाय ना त्याचा? येतो. पण मारायचं नाही.' वाक्यं साधी आहेत, पण फरक मोठा आहे. पहिल्यात मुलाला कळतं की हा राग असलेला मी घरात चालत नाही. दुसऱ्यात कळतं की राग चालतो, मारणं चालत नाही. पहिल्या मुलाचा राग तिथेच जमिनीखाली जातो आणि वीस वर्षांनी बायकोवर निघतो.

कागद सकाळी पुन्हा वाचा. रात्री लिहिलेलं सकाळी वेगळं दिसतं. मग फाडायचा तर फाडा. मी ठेवते. कपाटात साड्यांच्या घडीखाली निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. परवाची नोंद सोसायटीच्या सभेतली. प्रत्येक सभेत उभं राहून पै-पैचा हिशेब मागणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांनी चष्मा पुसायला सुरुवात केली की माझं डोकं तापतं. का, ते अजून कळलेलं नाही. नावाखाली चार ओळी कोऱ्या सोडल्यात.